विश्लेषण : मैफलीपेक्षा तालीम मोठी! अमेरिकेतील ‘मार्लबरो’ संगीत महोत्सव कसा घडला, कसा टिकला?

अमेरिकेच्या ईशान्येकडील व्हरमाँट राज्यात मार्लबरो नावाचे एक छोटे डोंगराळ गाव आहे. १९५१ पासून दर उन्हाळ्यात येथे सात आठवडे चेंबर म्युझिकचा महोत्सव भरतो. करोनामुळे २०२० मध्ये तेवढा खंड पडला. जगभर नाव कमावलेले ज्येष्ठ वादक आणि विशी-पंचविशीतील तरुण कलाकार येथे एकत्र राहतात, जेवतात आणि रोज तालीम करतात. त्यातील बहुतेक तालमी रसिकांपर्यंत कधी पोहोचतच नाहीत, आणि त्याचे कुणाला वाईटही वाटत नाही. नाझी राजवटीतून बाहेर पडलेल्या कलाकारांनी सुरू केलेला हा महोत्सव सात दशकांहून अधिक काळ टिकला कसा आणि त्याचे ध्येय नेमके काय, याविषयी…

चेंबर म्युझिक म्हणजे नेमके काय?

पाश्चात्त्य अभिजात संगीत म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो ऐंशी-शंभर वादकांचा ऑर्केस्ट्रा आणि समोर छडी हलवणारा संचालक. चेंबर म्युझिक त्याहून वेगळे. दोनपासून साधारण आठ-नऊपर्यंत वादक, संचालक नाही आणि प्रत्येकाची स्वरओळ स्वतंत्र. ऑर्केस्ट्रात एकच ओळ दहा-बारा व्हायोलिनवादक मिळून वाजवतात. येथे ती एकट्याने पेलावी लागते. चूक झाली तर लपायला जागा नसते.

‘चेंबर’ म्हणजे खोली, दिवाणखाना. हे संगीत मुळात मोठ्या सभागृहासाठी लिहिलेलेच नव्हते. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो अशा चार वाद्यांच्या ‘स्ट्रिंग क्वार्टेट’ला अठराव्या शतकात जोसेफ हायडन यांनी भक्कम रूप दिले. पुढे मोझार्ट, बेथोव्हन, शुबर्ट, ब्राम्स अशा सगळ्यांनी आपले काही सर्वात गहिरे संगीत याच प्रकारात लिहिले.

आपल्याकडील बैठकीशी याचे एका बाबतीत साम्य आहे. ऐकणारे थोडे, जवळ बसलेले आणि जाणकार. फरक असा की बैठकीत मुख्य कलाकार एक असतो आणि बाकीचे साथीला असतात. चेंबर म्युझिकमध्ये कुणीच कायमचा मुख्य नसतो आणि कुणीच कायमचा साथीदार नसतो. आता जो पुढे आहे, तो काही क्षणांनी मागे सरतो आणि दुसऱ्याला वाट देतो. हे संचालकाशिवाय साधायचे तर एकमेकांचा श्वास, नजर, धनुकलीची हालचाल ओळखावी लागते. लय कुठे सैल सोडायची, कोणता स्वर किती लांबवायचा, यावर चौघांचे एकमत व्हावे लागते. त्याला वेळ लागतो, आणि व्यावसायिक संगीताच्या जगात नेमका वेळच मिळत नाही.

या महोत्सवाची मुळे नाझी जर्मनीत कशी?

महोत्सवाच्या संस्थापकांमध्ये दोन नावे ठळक आहेत. एक व्हायोलिनवादक अडॉल्फ बुश, दुसरे पियानोवादक रुडॉल्फ सर्किन. १८९१ मध्ये जन्मलेले बुश विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनीतील अग्रगण्य व्हायोलिनवादक मानले जात. त्यांचे ‘बुश क्वार्टेट’ युरोपभर गाजत होते. पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य म्हणून मराठी वाचकांना माहीत असलेले यहुदी मेन्युहिन लहानपणी याच बुश यांच्याकडे शिकले.

सर्किन यांचा जन्म १९०३ चा, बोहेमियातील एका ज्यू कुटुंबातला. सतरा वर्षांचे असताना त्यांची बुश यांच्याशी गाठ पडली आणि ते बुश यांच्या घरातलेच एक होऊन गेले. पुढे १९३५ मध्ये बुश यांची कन्या आयरीन यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

बुश स्वतः ज्यू नव्हते. जर्मनीत राहून मानसन्मान मिळवणे त्यांना सहज शक्य होते. मात्र हिटलर सत्तेवर आल्यानंतर १ एप्रिल १९३३ रोजी ज्यूंच्या दुकानांवर देशभर बहिष्कार पुकारण्यात आला. त्या वेळी बुश आपल्या क्वार्टेटसह बर्लिनमध्ये होते. समोर घडणारा प्रकार पाहून त्यांनी जर्मनीतील उरलेले सर्व कार्यक्रम रद्द केले. ज्या वर्षी असंख्य नामवंत कलाकार गप्प राहिले किंवा नव्या राजवटीशी जुळवून घेऊ लागले, त्या वर्षी त्यांनी आपल्या सर्वात मोठ्या श्रोतृवर्गाकडे स्वतःहून पाठ फिरवली. त्यांचे बंधू, संगीत संचालक फ्रित्झ बुश यांनाही त्याच वर्षी नाझींनी ड्रेस्डेनच्या ऑपेरातून बाहेर काढले. अडॉल्फ बुश तेव्हा स्वित्झर्लंडमधील बाझल येथे राहत होते. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यानंतर बुश व सर्किन ही दोन्ही कुटुंबे अमेरिकेत आली.

व्हरमाँटचीच निवड का झाली?

अमेरिकेत सर्किन यांचे बस्तान लवकर बसले. १९३६ मध्येच त्यांनी आर्तुरो तोस्कानिनी यांच्या संचालनाखाली न्यूयॉर्कमध्ये वादन केले होते. १९३९ पासून ते फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. बुश यांना मात्र युरोपसारखी लोकप्रियता येथे लाभली नाही. घराघरांत संध्याकाळी मित्रांनी जमून क्वार्टेट वाजवण्याची मध्य युरोपातील रीत त्यांना येथे दिसेना. एकट्या तारांकित वादकाभोवती फिरणाऱ्या मैफलींच्या जगात समूहवादनाला दुय्यम स्थान होते. ती रीत या देशात रुजवायची, ही बुश यांची इच्छा होती.

दोन्ही कुटुंबांनी दक्षिण व्हरमाँटमधील गिल्फर्ड येथे मुक्काम केला होता. जवळच मार्लबरो येथे वॉल्टर हेन्ड्रिक्स यांनी १९४६ मध्ये एका जुन्या शेतवाडीवर छोटे महाविद्यालय स्थापन केले होते. युद्धावरून परतलेल्या तरुण सैनिकांना शिकता यावे, हा त्यामागचा एक हेतू. गोठे आणि कोठारे यांचेच वर्ग आणि सभागृह झाले. या महाविद्यालयात संगीत शिकवण्यासाठी फ्रान्सचे विख्यात बासरीवादक मार्सेल मोईझ, त्यांचे पुत्र लुई आणि स्नुषा ब्लांश ओनेगर मोईझ हे कुटुंब आले. ब्लांश या बुश यांच्या शिष्या. त्यामुळे दोन्ही घराण्यांचा दुवा आपोआप जुळला.

उन्हाळ्यात महाविद्यालय रिकामे असे. त्या जागेत १९५१ मध्ये बुश, त्यांचे चेलोवादक बंधू हर्मन, सर्किन आणि तिघे मोईझ यांनी मिळून हा उपक्रम सुरू केला. त्याचे आजचे अधिकृत नाव ‘मार्लबरो म्युझिक स्कूल अँड फेस्टिव्हल’ असे आहे. नावात शाळा आधी येते आणि महोत्सव नंतर, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

बुश यांच्या निधनानंतर काय झाले?

दुसरा उन्हाळा उजाडण्याच्या सुमारास, जून १९५२ मध्ये बुश यांचे निधन झाले. ज्यांच्या कल्पनेतून महोत्सव उभा राहिला, तेच वर्षभरात गेले. उपक्रम तेथेच थांबू शकला असता. सर्किन यांनी जबाबदारी घेतली आणि १९९१ मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत ती निभावली.

सर्किन तोपर्यंत जगातील आघाडीच्या पियानोवादकांत गणले जाऊ लागले होते. उन्हाळ्याचे दिवस परदेश दौरे करून पैसे मिळवण्याचे. ते दिवस त्यांनी डोंगरातल्या या जागेला दिले आणि ओळखीच्या थोर वादकांनाही तेथे खेचून आणले. बुडापेस्ट क्वार्टेटचे व्हायोलिनवादक अलेक्झांडर श्नायडर हे त्यांतले एक महत्त्वाचे नाव.

पाब्लो कसाल्स यांच्या येण्याचे महत्त्व काय?

१९६० मध्ये चेलोवादक पाब्लो कसाल्स पहिल्यांदा मार्लबरोला आले. वय ८३. स्पेनमध्ये फ्रँकोची हुकूमशाही आल्यावर त्यांनी मायदेश सोडला होता. महायुद्धानंतर लोकशाही देश फ्रँकोला मान्यता देत आहेत हे पाहून त्यांनी जाहीर वादनही थांबवले. ते मौन त्यांनी १९५० मध्ये फ्रान्समधील प्राद या गावी सोडले, तेही श्नायडर यांच्या आग्रहावरून. निमित्त होते बाखच्या मृत्यूला २०० वर्षे झाल्याचे.

मार्लबरोत कसाल्स १९७३ च्या उन्हाळ्यापर्यंत येत राहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ९६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ते येथे चेलोचे वर्ग घेत आणि महोत्सवाच्या ऑर्केस्ट्राचे संचालन करीत. या ऑर्केस्ट्रात आज ज्यांची स्वतंत्र मैफल होते, असे वादक मागच्या रांगांतही बसलेले असत. त्यांच्या संचालनाखाली येथे झालेले बाखच्या ‘ब्रँडनबर्ग कॉन्चेर्तो’चे ध्वनिमुद्रण गाजले आणि मार्लबरोचे नाव जगभर पोहोचले.

सात आठवड्यांत नेमके काय चालते?

पहिल्या काही आठवड्यांत जाहीर कार्यक्रमच नसतात, फक्त तालीम असते. आपल्याला कोणत्या रचनांचा अभ्यास करायचा आहे, हे कलाकार सांगतात. त्यानुसार गट पाडले जातात आणि आठवड्याचे वेळापत्रक लागते. जवळपास प्रत्येक गटात एखादा अनुभवी वादक असतो. तो बाजूला उभा राहून सूचना देत नाही. तो त्याच गटात, आपले वाद्य घेऊन, तरुणांबरोबर वाजवायला बसतो. गायकही असतात आणि पियानोबरोबरच्या गीतांचा अभ्यास होतो.

हे का गरजेचे, ते एका उदाहरणावरून कळेल. बेथोव्हनचे ओपस १३१ हे १८२६ मधील क्वार्टेट सात भागांचे आहे आणि सुमारे ४० मिनिटे मध्ये न थांबता वाजवावे लागते. व्यावसायिक महोत्सवात पाहुणे वादक आदल्या दिवशी भेटतात, एक-दोनदा वाजवून पाहतात आणि मंचावर जातात. अशा वेळी वाद घालायला सवड नसते. जो ज्येष्ठ, त्याचे म्हणणे मान्य होते. मार्लबरोत त्याच रचनेवर कित्येक आठवडे काम करता येते. विशीतली मुलगी साठीतल्या वादकाला ‘ही जागा अशी नको’ म्हणू शकते आणि मग दोन्ही पद्धतींनी वाजवून पाहिले जाते.

तालीम झालेल्या रचनांपैकी फारच थोड्या श्रोत्यांपुढे सादर होतात. एखाद्या गटाला रचना तयार झाली असे वाटले, तरच ती कार्यक्रमात घेतली जाते. शनिवार-रविवारच्या मैफली शेवटच्या पाच आठवड्यांत होतात आणि त्यांत काय वाजणार, हे साधारण आठवडाभर आधी ठरते. म्हणजे महिनोन्महिने आधी तिकीट काढणारा रसिक कार्यक्रम न पाहताच पैसे मोजतो. सभागृहात जागा काही शेच. तरीही लोक येतात.

ज्येष्ठ-कनिष्ठ भेद मोडण्यासाठी काय केले जाते?

‘समानांचे प्रजासत्ताक’ ही सर्किन यांची मार्लबरोबद्दलची कल्पना होती. हुकूमशाहीमुळे घर सोडावे लागलेल्या माणसाने संगीताच्या शाळेसाठी असा राजकीय शब्द वापरावा, यात नवल नाही. पण शब्दाने समानता येत नाही. त्यासाठी रोजच्या जगण्यात काही रिवाज लावून घेतले गेले.

सर्व जण एकाच भोजनगृहात जेवतात. वाढपाचे काम कलाकारच पाळीपाळीने करतात. कागदी रुमालांचे गोळे करून एकमेकांवर फेकण्याची येथे जुनी प्रथा आहे आणि त्यातून कुणी थोर कलाकार सुटत नाही. कलाकारांची मुलेबाळेही तेथेच खेळत असतात. परिसराच्या रस्त्यावर ‘सावधान, वादक खेळत आहेत’ अशा अर्थाची पाटी आहे. इंग्रजीत ‘खेळणे’ आणि ‘वाजवणे’ यांना एकच शब्द असल्याने तिचा विनोद आपोआप साधतो.

हा पोरकटपणा वरवरचा वाटेल, पण त्याचा उपयोग तालमीच्या खोलीत होतो. दुपारी ज्याच्या डोक्यावर कागदी गोळा मारला, त्याच्याशी संध्याकाळी लयीबद्दल वाद घालणे सोपे जाते. अनेक वर्षे हंगामाची सांगता बेथोव्हनच्या ‘कोरल फँटसी’ने होत असे. सर्किन पियानोवर, कलाकार ऑर्केस्ट्रात आणि इतर मंडळी समूहगानात, अशी ती सांगता असे.

येथून कोणते कलाकार घडले?

चेलोवादक यो-यो मा, पियानोवादक मरे पराहिया, व्हायोलिनवादक हिलरी हान अशी अनेक नावे तरुणपणी मार्लबरोत येऊन गेली. यो-यो मा यांना कसाल्स यांच्या हाताखाली वाजवता आले आणि त्यांची भावी पत्नीही त्यांना येथेच भेटली.

तरीही मार्लबरोचे खरे फलित एकेकट्या ताऱ्यांपेक्षा गटांमध्ये दिसते. ‘ग्वारनेरी क्वार्टेट’ १९६४ मध्ये येथेच जन्माला आले. अर्नोल्ड स्टाइनहार्ट, जॉन डॅली, मायकेल ट्री आणि डेव्हिड सोयर या चौघांनी सुरू केलेले हे क्वार्टेट २००९ पर्यंत वाजवत राहिले. ४५ वर्षांत त्यात फक्त एक वादक बदलला. १९६५ पासून ‘म्युझिक फ्रॉम मार्लबरो’ या नावाने येथील गट अमेरिकेतील शहरांत दौरे करू लागले आणि डोंगरावरची तालीम दूरच्या श्रोत्यांपर्यंत पोहोचू लागली. ब्लांश मोईझ यांनी तर जवळच्या ब्रॅटलबरो गावात १९५२ मध्ये संगीत केंद्र स्थापून स्थानिक मुले आणि हौशी गायकांसाठी आयुष्यभर काम केले.

सर्किन यांच्यानंतर धुरा कुणाकडे?

एकखांबी तंबू खांब पडल्यावर कोसळतो, हा संस्थांचा नेहमीचा अनुभव. १९९१ मध्ये सर्किन गेल्यावर येथेही तीच भीती होती. काही वर्षे ज्येष्ठ कलाकारांनी मिळून कारभार सांभाळला. १९९९ मध्ये पियानोवादक रिचर्ड गुड आणि मित्सुको उचिदा यांच्याकडे संयुक्तपणे कलात्मक नेतृत्व आले. दोघेही पूर्वी येथे तरुण कलाकार म्हणून येऊन गेलेले. २०१३ मध्ये गुड बाजूला झाले आणि २०१८ मध्ये पियानोवादक जोनाथन बिस यांची उचिदा यांच्याबरोबर नियुक्ती झाली. बिस हेही मार्लबरोतूनच पुढे आलेले. आधी तरुण म्हणून यायचे, मग ज्येष्ठ म्हणून परतायचे आणि आपल्याला जे मिळाले ते पुढच्याला द्यायचे, ही साखळी तुटली नाही.

जागेचे संकट काय होते?

महोत्सवाची स्वतःची जागा नव्हती. महाविद्यालयाच्या परिसरात तो पाहुणा होता. अमेरिकेतील अनेक छोट्या महाविद्यालयांप्रमाणे मार्लबरो महाविद्यालयाचीही विद्यार्थिसंख्या घटत गेली. अखेर ते बॉस्टनच्या इमर्सन महाविद्यालयात सामावून घेण्याचे ठरले आणि २०२० मध्ये मार्लबरोचा परिसर बंद झाला. त्याच उन्हाळ्यात करोनामुळे महोत्सवही रद्द झाला.

परिसर विकला गेला. नव्या मालकाच्या योजना वेगळ्या होत्या आणि त्या पुढे वादात सापडल्या. महोत्सवाकडे दीर्घ मुदतीचा भाडेकरार होता. त्यामुळे पायाखालची जमीन लगेच सरकली नाही, पण शेजारी कोण असणार, वर्षातले उरलेले महिने तेथे काय चालणार, देखभाल कोण करणार, हे प्रश्न होतेच. २०२१ मध्ये महोत्सवाशी संबंधित ‘पोटॅश हिल’ या ना-नफा संस्थेकडे परिसराची मालकी आली. त्याच काळात तालमी, ग्रंथालय आणि निवास यांसाठी नव्या इमारतीही उभ्या राहिल्या. सत्तर वर्षे पाहुणा असलेला महोत्सव घरमालक झाला. त्याबरोबर हिवाळ्यातील बर्फापासून छपरांच्या दुरुस्तीपर्यंतची जबाबदारीही आली.

यावर टीका कोणती होते?

येथे प्रवेश निवडीतून मिळतो. त्यामुळे ‘समानांचे प्रजासत्ताक’ असले तरी त्याच्या वेशीवर पहारा आहेच. आत आल्यावर सगळे सारखे, पण आत येणारे मोजके. दुसरा आक्षेप रचनांच्या निवडीबद्दल असतो. हायडनपासून ब्राम्सपर्यंतची जर्मन-ऑस्ट्रियन परंपरा हा संस्थापकांचा श्वास होता आणि आजही तिचा वरचष्मा आहे. नव्या संगीताला जागाच नाही असे मात्र नाही. संगीतकार लिऑन कर्शनर यांनी १९६० च्या दशकात येथे समकालीन संगीताचा उपक्रम चालवला आणि आताही उन्हाळ्यात संगीतकार येथे मुक्कामाला येतात.

तिसरा प्रश्न पैशांचा. ज्या कामाचा मोठा भाग विकायचाच नाही, ते तिकीटविक्रीवर चालू शकत नाही. देणगीदारांवर अवलंबून राहणे अपरिहार्य ठरते. सुबत्तेच्या देशात हे जमते, इतरत्र जमेलच असे नाही.

जगभर याचे अनुकरण झाले का?

नेमकी नक्कल क्वचित, पण विचार पसरला. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधील प्रशिया कोव्ह येथे हंगेरियन व्हायोलिनवादक शांडोर व्हेग यांनी १९७२ मध्ये असाच एकत्र राहून शिकण्याचा उपक्रम सुरू केला. फिनलंडमध्ये रशियाच्या सीमेजवळील कुहमो या गावात सेप्पो किमानेन यांनी १९७० मध्ये चेंबर म्युझिक महोत्सव सुरू केला. ऑस्ट्रियातील लॉकेनहाउस गावात १९८१ मध्ये व्हायोलिनवादक गिडॉन क्रेमर यांनी मित्रांना जमवून व्यावसायिक दडपणाबाहेर वादनाची जागा निर्माण केली. शहरापासून दूर, छोट्या गावात, भरपूर वेळ हाताशी ठेवून वाजवणे, हा या सर्वांतला समान धागा.

श्रोत्यांची संख्या, प्रायोजकांचे फलक आणि तारांकित नावांची यादी यांवर महोत्सवाचे यश मोजले जाते. त्या मापाने मार्लबरो छोटाच ठरेल. पण बुश आणि सर्किन यांनी मोजमापच वेगळे घेतले होते. उन्हाळा संपवून परतणारा तरुण वादक शेजाऱ्याचे आधीपेक्षा नीट ऐकतो की नाही, एवढेच त्यांना पाहायचे होते. ज्यांनी एकाच्या आवाजापुढे सगळा देश गप्प होताना पाहिला, त्यांना चौघांनी एकमेकांचे ऐकत वाजवणे मोलाचे वाटले. त्या चौघांना पुरेसा वेळ देणे, हेच आजही या महोत्सवाचे मुख्य काम आहे.